फ्रिजमधला अंधार

१

आमच्या घरी कॅमेरा फ्रिजमध्ये असतो. मधल्या कप्प्यात, दुधाच्या पातेल्यामागे. पाहुण्यांना गार पाणी द्यायला फ्रिज उघडावा आणि आतून 'खट्' असा आवाज यावा, हे आमच्याकडे आता नवीन राहिलेलं नाही. वहिनी त्यांना सांगते, "काही नाही हो, भाऊजी अंधाराचे फोटो काढतायत." मग पाहुणे माझ्याकडे जरा जपून बघायला लागतात.

पण ती खोटं बोलत नाही. माझा मोठा भाऊ वाळवंटात जाऊन रात्रीच्या आकाशाचे फोटो काढतो. खाली वाळू, एखादा खडक, वर आकाशगंगा, असले. असा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात कॅमेऱ्यालाच भास व्हायला लागतात. नसलेले लाल-निळे ठिपके येतात, कोपऱ्यात जांभळी झाक येते. त्यावर उपाय असा, की लेन्सला झाकण लावायचं आणि तेवढाच वेळ, तेवढ्याच थंडीत, नुसत्या काळोखाचे फोटो काढायचे. त्यांना आम्ही डार्क म्हणतो. डार्कमध्ये फक्त कॅमेऱ्याचे भास उतरतात. ते कॉम्प्युटरवर खऱ्या फोटोतून वजा केले, की आकाश स्वच्छ होतं.

खरं तर डार्क तिथेच काढायला हवेत. पण दादा पक्का आळशी. "काळोखाचे फोटो काढायला मी एवढ्या लांब मरायला जातो का?" म्हणतो. वाळवंटातली रात्र आणि आमचा फ्रिज साधारण सारखेच गार, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. कॅमेरे दोन आहेत. एक दादाबरोबर फिरतो, तेव्हा आधीच्या फेरीतला दुसरा फ्रिजमध्ये बसतो. पूर्वी मीही दादाबरोबर जायचो. मग खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात काठी आली, आणि मी स्वयंपाकघरातला फोटोग्राफर झालो. दादाला ते अजून पटलेलं नाही. दर फेरीला निघताना जीपचं दुसरं दार उघडून उभा राहतो आणि म्हणतो, "चल की रे छोट्या, एकटं बसवत नाही तिथे." मी काठी दाखवतो. तो दार आपटतो आणि निघून जातो.

२

त्या फेरीला दादा जाऊन दोन-तीन दिवस झाले होते. झोपायच्या आधी मी कॅमेरा, रात्रभर आपोआप फोटो निघत राहतील असा, फ्रिजमध्ये लावून ठेवला आणि सकाळी चहा घेता घेता कार्ड कॉम्प्युटरला जोडलं.

डार्क म्हणजे नुसता काळा चौकोन. तो तपासायचा तर उजेड वाढवून बघावा लागतो. वाढवला, की राखाडी रवा सांडल्यासारखं दिसतं. रवा सगळीकडे सारखा पसरलेला असला, की काम झालं. त्या दिवशी रवा सारखा नव्हता. चौकोनाच्या खालच्या भागात एक आडवी रेघ होती. रेघेच्या वर काळं, खाली किंचित कमी काळं.

मी आधी वहिनीवर घसरलो. "रात्री फ्रिज उघडला होतास का?"

"मला काय डोहाळे लागलेत रात्रीबेरात्री उठून खायला?" ती म्हणाली.

मग मी फ्रिजमागे लागलो. दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, हे लहानपणी सगळ्यांना पडलेलं कोडं मी या वयात सोडवायला बसलो. दाराच्या कडेचं बटण दाबून पाहिलं. दिवा नीट विझत होता. मग आठवलं, की कॅमेऱ्याच्या मागच्या, डोळा लावायच्या छोट्या खिडकीतून कधीकधी उजेड आत शिरतो. म्हणजे तेच असणार. मी खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली आणि स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात दादाचा फोन आला. वाळवंटात रेंज नाही, म्हणून तो रोज सकाळी जीप काढून पेट्रोल पंपापर्यंत यायचा आणि तिथून ओरडायचा. फोनवर तो नेहमी ओरडतोच. समोरचा माणूस लांब आहे, म्हणजे आवाज मोठा हवा, अशी त्याची समजूत आहे.

"आकाश काय सुटलंय रे! अमावास्या झाली की निघतो. हॉटेलवाल्याला भिंतीवर लावायला जो मोठा फोटो हवाय, तो होऊन जाईल. तू हवा होतास."

३

दुसऱ्या सकाळी पट्टी जागच्या जागी होती. झाकण घट्ट होतं. मी उजेड वाढवला आणि चहाचा कप तसाच हातात राहिला.

ती रेघ म्हणजे क्षितिज होतं. खाली वाळू होती, वाऱ्याने पडलेल्या तिच्या चुण्यासुद्धा दिसत होत्या. वर आकाश होतं, पण त्यात एकही तारा नव्हता. आणि लांबवर, बोटाच्या पेराएवढी, एक जीप होती.

माझं डोकं तरीही कामाला लागलं. सेन्सरवर जुन्या फोटोची पुसट छाप राहते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. कॅमेरा मागच्या फेरीत तिथेच होता. राहिली असेल छाप. मी पुढचा डार्क उघडला. मग त्याच्या पुढचा. जीप मोठी होत गेली. जीपच्या बाजूला ट्रायपॉड दिसायला लागला, मग घडीची खुर्ची, मग खुर्चीत पाठमोरा बसलेला माणूस. खांद्यावर चौकड्यांचं पांघरूण.

दादा स्वतःचे फोटो कधीच काढत नाही. तरी मी म्हटलं, असेल एखादा. पण एक गोष्ट मला काही केल्या बसवता येईना. छाप राहते ती एकाच जागेवरून काढलेल्या फोटोची. इथे कॅमेरा चालत होता. जमिनीपासून माणसाच्या डोळ्यांएवढ्या उंचीवरून, सरळ दादाच्या पाठीकडे. आणि एका फोटोत क्षितिज डावीकडे कललेलं, पुढच्यात सरळ, त्याच्या पुढच्यात पुन्हा कललेलं.

शेवटच्या डार्कमध्ये पांघरुणाची सुटलेली दशी दिसत होती. फ्रिज मागे घरघरत होता. मी उठून त्याचं दार नीट लागलंय का पाहिलं, आणि का पाहिलं ते मला सांगता येणार नाही.

४

त्या दिवशी दादाचा फोन आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "तिथे कोणी आहे का?"

"आहेत की. मी, वारा, आणि एक सरडा. सरडा जरा शिष्ट आहे."

"दादा, तुझ्याकडे चौकड्यांचं पांघरूण आहे का?"

तो चक्रावला. मग म्हणाला, "तुला कोणी सांगितलं? काल तर घेतलं, इथे पंपावरच्या बाईकडून. थंडी फार वाढलीय."

जुनी छाप वगैरे सगळं तिथेच संपलं. मी त्याला जे दिसलं ते जमेल तसं सांगितलं. सांगता सांगता मलाच ते पटेनासं झालं, आणि दादा तर आधीपासूनच हसत होता.

"अरे छोट्या, दिवसभर फ्रिजसमोर बसून तुझ्या डोक्याला गारठा झालाय. बाहेर पड जरा."

"तू आज परत ये."

"आजचीच तर रात्र महत्त्वाची. उद्या निघतोच."

"मग निदान जीपमध्ये बस. बाहेर खुर्ची टाकू नकोस."

"जीपमधून आकाश दिसतं का? ऐक, तुला एवढी काळजी वाटते ना, तर बस पकड आणि ये. मी पंपावर घ्यायला येतो." त्याचं हसू थांबलं. "खरंच ये रे. या वेळी फार एकटं वाटतंय."

मी नाही म्हटलं. पायाचं कारण दिलं. कारण खरंच होतं, पण भीती वाटली, हेही तितकंच खरं.

५

संध्याकाळी मी कॅमेरा हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो. वहिनी ओटा पुसत होती. तिला मी अजून काही बोललो नव्हतो. उद्या नवरा घरी येणार, म्हणून ती खुशीत होती आणि गुणगुणत होती.

माझ्या मनात सारखा एकच हिशोब चालला होता. प्रत्येक फोटोबरोबर ते जे काय होतं ते दादाच्या जवळ जात होतं. म्हणजे मी फोटो काढतोय म्हणून ते पुढे सरकतंय का? माझ्या प्रत्येक 'खट्'ला एक पाऊल? मग फोटोच काढला नाही, तर ते जिथे आहे तिथेच राहील. शहाण्या माणसाचा विचार नव्हता हा, पण दुसरा सुचत नव्हता. मी बॅटरी काढली आणि कपाटात चमच्यांच्या खणात टाकली.

खणाकडून परत टेबलाकडे येताना मी सहज खिडकीकडे पाहिलं. उजवा पाय टाकला, की खिडकीची चौकट डावीकडे कलत होती. काठी टेकली, की सरळ. पुन्हा पाऊल, पुन्हा कलली. फोटोतल्या क्षितिजासारखीच.

मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो.

"काय झालं, पाय दुखतोय का?" वहिनीने विचारलं. मी मान डोलावली आणि भिंतीला धरून खोलीत गेलो.

६

रोज सकाळी येणारा फोन दुपार टळली तरी आला नाही. वहिनी मटार सोलत होती आणि मी तिला मदत केल्याचं सोंग करत होतो. सालं भांड्यात आणि दाणे टोपलीत टाकत होतो, तेही तिनेच दाखवून दिलं.

मग फोन वाजला. माझा नव्हे, तिचा. हात ओले होते म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"अगं, काय माणसं आहात तुम्ही!" दादा नेहमीसारखा ओरडत होता. त्याचा आवाज ऐकून मला अक्षरशः रडू आलं. "छोट्या इथे येतोय, आणि तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या समोर बसलो होतो. माझ्या मांडीवर मटार होते.

"पहाटे मागे वळून बघतो, तर हा खुर्चीमागे उभा! त्या पायाने कसा आला कोण जाणे. काही बोलत नाही. काल मी जास्तच चिडवलं, त्याचा राग दिसतोय. पण आला गं! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सकाळभर आम्ही मस्त ताणून दिली. आता शेजारी बसवलाय आणि घेऊनच येतोय घरी."

वहिनीने हात पुढे करून माझी बाही धरली. मी खरा आहे का, ते चाचपून बघितलं असावं.

"अगं, ऐकतेयस ना?"

मी फोनजवळ तोंड नेलं. काय बोलावं, किती बोलावं, कोण कोण ऐकतंय, काहीच कळत नव्हतं. मी फक्त "दादा" म्हटलं.

पलीकडे जीपचं इंजिन सुरू होतं.

मग दादा बोलला. ओरडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो फोनवर हळू बोलत होता, हसत हसत, परक्या माणसाशी बोलावं तसं नीट. "बरं बरं. असू दे. आम्हाला जरा उशीर होईल. इथवर आलोच आहोत, तर याला थोडं फिरवून आणतो. जेवायला थांबू नका. दाराला कडी लावून घ्या." आणि मग, "काळजी घ्या हं दोघं."

काळजी घ्या, असं दादा कधी कोणाला म्हणत नाही.

७

आम्ही परत फोन लावला. रेंज नव्हती. वहिनी म्हणाली, "पोलिसांना सांगा." मी फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे सगळं विचारत गेला. गाडी कोणती, शेवटचे कुठे होते. मग त्याने विचारलं, "त्यांच्याबरोबर कोण आहे?" मी फोन ठेवला.

मग मी वहिनीला सगळं सांगितलं. ती उठली, चमच्यांच्या खणातून बॅटरी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "लावा. मला बघायचंय."

मी कॅमेरा टेबलावर ठेवत होतो, तर तिने तो उचलून फ्रिजमध्ये ठेवला, रोजच्या जागी. दार लावलं. आम्ही दोघं बंद फ्रिजसमोर खुर्च्या टाकून बसलो. आत 'खट्' झालं. कितीतरी वेळाने पुन्हा 'खट्'. मी दार उघडलं, कॅमेरा काढला, मागच्या पडद्यावर फोटो आणला आणि उजेड वाढवला.

दादा होता. बाजूने, अगदी जवळून, शेजारच्या सीटवरून दिसावा तसा. हात स्टिअरिंगवर. मागची खिडकी नुसती पिवळट पांढरी, कारण बाहेरचं सगळं पळत होतं. तो समोर बघत होता आणि त्याच्या कपाळावर, नाकावर लख्ख ऊन होतं.

"ऊन समोरून येतंय," मी म्हणालो.

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते मला सांगावंसं वाटत नव्हतं. पण वहिनीपासून लपवण्यात अर्थ नव्हता. "सूर्य आता पश्चिमेला आहे. आपलं घर पूर्वेला. घरी यायला निघाला असता, तर ऊन त्याच्या पाठीवर पडलं असतं." तिला कळेना, म्हणून मी सरळ सांगितलं, "तो उलटा चाललाय, वहिनी. आत, वाळवंटात. शेजारी जे बसलंय त्याला आपल्यापासून लांब नेतोय."

तिने कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि फोटोवरून अंगठा फिरवला. "ह्यांचं तोंड असं पुसल्यासारखं का आलंय?"

"फोटो निघायला वेळ लागतो ना. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसट होतं. बाकी चेहरा बघ, नीट आहे. तोंड हलतंय. बोलतोय तो."

वहिनी हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "गप्पा मारतायत. ह्यांना गप्प बसता येतं कुठे?" मग कॅमेरा आत ठेवून दार लावताना म्हणाली, "बोलू देत. बोलतायत तोवर बरं आहे."

दुसऱ्या फोटोत तोंड पुसट. तिसऱ्यात पुसट. दादा बोलत होता, बोलतच होता. त्या शेजारच्या सीटला काय सांगत होता कोण जाणे. आमच्या लहानपणचं असेल, सरड्याचं असेल. मी आयुष्यात इतकं मनापासून काही मागितलं नसेल, जितकं ते तोंड पुसट राहावं म्हणून मागितलं. प्रत्येक वेळी दार उघडलं, की फ्रिजचा दिवा वहिनीच्या चेहऱ्यावर पडायचा आणि ती आधी माझ्याकडे बघायची. मी मान डोलावली, की मग फोटोकडे.

पुढच्या फोटोत खिडकीबाहेरचं दृश्य स्पष्ट होतं. वाळूची एक टेकडी, तिची धार, सगळं रेखीव. जीप थांबली होती.

दादाने मान वळवली होती. तो थेट लेन्समध्ये बघत होता. भुवयांचा केस न् केस दिसत होता, दाढीचे खुंट दिसत होते. ओठ किंचित उघडे होते आणि त्यांची कड सुरीने कापल्यासारखी साफ आली होती. एवढ्या वेळात जिवंत माणूस श्वास तरी घेतोच. पापणी तरी लवतेच.

मी मान डोलावली नाही. वहिनीने वाट पाहिली, मग माझ्या हातातून कॅमेरा काढून घेण्याऐवजी म्हणाली, "अजून एक बघा."

मी कॅमेरा आत ठेवला. दार लावलं. आम्ही बसून राहिलो. बाहेर गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. 'खट्' झालं. मग इतका वेळ गेला, की मला वाटलं बॅटरी संपली. पुन्हा 'खट्'.

या वेळी फोटोत दादा नव्हता. समोर काच होती, काचेपलीकडे रस्ता, आणि रस्त्यावर जीपचीच लांबच लांब सावली पुढे पडली होती. खाली स्टिअरिंग होतं.

वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होती. "सावली पुढे आहे," ती म्हणाली. "म्हणजे ऊन पाठीवर. हो ना? भाऊजी, म्हणजे वळली ना गाडी? घरी येतेय ना?"

"हो," मी म्हणालो.

ती तोंडावर हात दाबून खाली बसली. मग पटकन उठली, डोळे पुसले, मटाराची टोपली ओट्यावर घेतली आणि गॅस पेटवला. दमून येतील, म्हणाली, उपाशी असतील. तिने फक्त सावली पाहिली होती. स्टिअरिंगवरचे हात तिने पाहिले नव्हते.

स्वतःचे हात माणूस ओळखतोच. मी कॅमेरा बंद केला, माझे हात टेबलाखाली घेतले आणि वहिनीला म्हटलं, की दाराची कडी तेवढी लावून घे.

"आता कशाला?" ती कढईत तेल ओतत म्हणाली. "घरचीच तर माणसं येतायत."